मावशी म्हणवणारी बाई

सोफे दुरुस्त करायच्या दुकानात तिला सगळे खिळूबाई म्हणत. कापड ताणून बसवताना ती बारीक खिळे ओठांत धरायची, एकेक काढून ठोकायची, आणि तोंडात खिळे आहेत तोवर कुणाशी बोलायची नाही. मालकाला वाटे, बाई कामसू आहे. कामसू ती होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. तोंड भरलेलं असलं की लोक माहेर कुठलं, आई कुठे असते, असल्या चौकशा करत नाहीत.

आई गेली तेव्हा खिळूबाई चार वर्षांची होती. बापाचा पत्ता त्याआधीपासूनच नव्हता. काही महिने ती अनाथ मुलांच्या संस्थेत राहिली, मग संस्थेने तिला एका घरी सांभाळायला दिलं. त्या घरातल्या बाईला ती काकू म्हणे. काकूंनी तिला उपाशी ठेवलं नाही, तिच्यावर कधी हात उचलला नाही. फक्त दूध सांडलं, गणितात नापास झाली, पाहुण्यांसमोर जास्त बोलली, की एक वाक्य न चुकता ऐकवलं. "तुझं म्हणून विचारायला एक कुत्रंसुद्धा आलं नाही. आम्ही होतो म्हणून." हे ऐकत ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, मोडलं, केस पिकायला लागले. काकूही वारल्या, पण वाक्य मागे ठेवून गेल्या.

मग कायदा बदलला. संस्थेत वाढलेल्यांना आपली लहानपणची फाईल वाचता येईल असं जाहीर झालं. खिळूबाईने लगेच अर्ज केला. तिला त्या फाईलकडून एकच उत्तर हवं होतं, कुणी विचारायला आलं होतं का? नसेल तर नसेल. काकू खऱ्या ठरतील आणि विषय मिटेल.

एवढ्याशा उत्तरासाठी ऑफिसने तिला किती हेलपाटे घालायला लावले ते सांगत बसलो तर गोष्ट तिथेच संपेल. नव्या इमारतीत म्हणायचे, फाईल जुन्या इमारतीत आहे. जुन्या इमारतीत म्हणायचे, ती तर कधीच नव्या इमारतीत गेली. शेवटी फाईल सापडली आणि तिला बोलावणं आलं.

फाईल घरी नेता येत नाही, ऑफिसात अधिकाऱ्यासमोर बसून वाचायची, असा नियम. अधिकारी म्हणजे एक तरुण मुलगी होती, आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. टेबलावर कागदी रुमालांचा डबा आधीच उघडून ठेवलेला.

"ताई, वाचताना त्रास झाला तर मध्ये थांबा हं."

"त्रास कधीच होऊन गेला," खिळूबाई म्हणाली. "आता नुसतं वाचायचं राहिलंय."

पहिल्याच पानावर 'आईचे नाव' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे काळ्या शाईचा जाड पट्टा.

"हे काय?"

"ते झाकावं लागतं. तिसऱ्या व्यक्तीची माहिती उघड करता येत नाही ना."

"माझी आई तिसरी व्यक्ती?"

"नियमाप्रमाणे तसंच धरतात, ताई."

"मग दुसरी कोण?"

अधिकारी मुलीला हे शिकवलेलं नव्हतं. तिने रुमालांचा डबा थोडा पुढे सरकवला.

खिळूबाई वाचू लागली. लहानपण असं कागदावर बघणं विचित्र असतं. मुलीचे वजन. मुलीच्या डोक्यात उवा. मुलीस देवीची लस दिली. मग एक नोंद आली: 'मूल झोपेत व जागेपणी मावशी, मावशी करते. खात नाही. संस्थेतील आयाबाईची नको इतकी सवय झालेली दिसते. आयाबाईची बदली करावी.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'बदली केली. मूल शांत झाले.'

आता यात गोम अशी, की संस्थेत मुलांना न्हाऊ घालणाऱ्या, भरवणाऱ्या बायकांना सगळेच मावशी म्हणतात. संस्थाच कशाला, दवाखान्यात, शाळेत, ऑफिसात, जिथे म्हणून बाई झाडू मारते तिथे ती मावशी असते. नातं फुकट देता येतं, पगार देताना हात आखडतो. खिळूबाईला संस्थेतली मावशी अंधूक आठवत होती. जाडजूड हात, ओल्या कापडाचा वास, वेणी घालताना केसांना बसणारे हिसके. मावशी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे एवढंच यायचं, आणि ती बाई अचानक कुठे गेली ते आज कळलं.

तिने पान उलटलं. पुढे एक हाताने लिहिलेला अर्ज लावलेला होता. अक्षर वेडंवाकडं, पण एकेक शब्द ठासून लिहिलेला. 'मी मुलीची मावशी आहे. माझी बहीण वारली. तिची मुलगी तुमच्या संस्थेत आहे, ती मला सांभाळायला द्यावी. माझं घर लहान आहे पण पोर आमची आहे.' आणि या अर्जावर कुणा साहेबाने तिरका शेरा मारला होता, 'मावशीचा अर्ज. कर्मचाऱ्यास मूल देता येत नाही. निकाली.'

खिळूबाईने ते परत वाचलं. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"यात बहीण वारली असं लिहिलंय," ती म्हणाली. "स्वच्छ लिहिलंय. मग हिला कर्मचारी कुणी केलं?"

अधिकारी मुलगी खुर्चीवरून उठून तिच्या बाजूला आली, वाकून वाचलं, आणि तिचा तो गोड आवाज कुठेतरी गेला. "आधीच्या नोंदीत मावशी म्हणजे आया आहे ना. त्यांनी... पुढचं वाचलं नसेल."

वाचलं नसेल. माय मरो, मावशी जगो, असं आपल्याकडे म्हणतात. मावशी जगली होती, धडपडत ऑफिसपर्यंत आलीही होती, आणि साहेबाने पहिली ओळ वाचून पेनाचं टोपण लावलं होतं.

शेवटचा कागद काकूंच्या तक्रारीचा होता. 'मावशी म्हणवणारी एक बाई दारावर येऊन मुलीला मागते.' शेरा: 'माजी कर्मचारी असावी. कडक समज द्यावी.' त्यानंतर त्या बाईचं नाव फाईलमध्ये कुठेच नव्हतं.

खिळूबाईला आधी आनंदच झाला, हे सांगितलं पाहिजे. कुत्रं नाही, माणूस आलं होतं. दोनदा आलं होतं. मग आनंदामागून संताप आला आणि तो इतका मोठा होता, की काकू जिवंत असत्या तर ती तशीच उठून भांडायला गेली असती. आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. साहेबाची सही म्हणजेसुद्धा नुसत्या गिरगोट्या होत्या.

अर्जाखाली मात्र नाव होतं, पत्ता होता. त्यावर काळा पट्टा नव्हता.

"हे नाही झाकलंत?"

"नातेवाइकांचं झाकतो," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "कर्मचाऱ्यांचं झाकत नाही." आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. तिने खिळूबाईकडे पाहिलं, मग मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खिळूबाईने पत्ता उतरवून घेतला.

त्या रविवारी ती गेली. छापखान्यामागच्या गल्लीत, जिन्याच्या वरची खोली. दार उघडंच होतं. एक म्हातारी उजेडाला बसून शर्टांना बटणं लावत होती, बाजूला शर्टांचा ढीग.

"कोण हवंय?" तिने सुई न थांबवता विचारलं.

खिळूबाई वाटेत ठरवलेलं सगळं विसरली. "मी तुमच्या बहिणीची मुलगी," एवढंच तिला म्हणता आलं.

सुई थांबली. म्हातारीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठली नाही.

"तिच्यासारखी नाही दिसत तू," ती म्हणाली. "कपाळ तेवढं तिचं आहे."

"मी फाईल वाचली. तुम्ही अर्ज केला होता. त्यांनी तुम्हाला संस्थेतली आया समजून—"

"मला नको सांगू. मीच होते ना तिथे. खिडकीत ओरडून सांगितलं, अहो, मी सख्खी मावशी. तर म्हणे, बाई, इथे सगळ्याच सख्ख्या असतात." म्हातारी हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "त्यांचा राग कधीच गेला. ऑफिसवाल्यांवर माणूस किती वर्षं रागावेल?"

"मग परत का नाही आलात?"

"आले होते की. त्या घरी. ती बाई दार अडवून उभी. मी म्हटलं, पोरीला विचारा, ती सांगेल मी कोण. तिने तुला पुढे ओढलं. विचारलं, ही तुझी मावशी का गं?" म्हातारीने हातातला शर्ट मांडीवर सरळ केला. "तू माझ्याकडे नीट बघितलंस. आणि नाही म्हणालीस."

खिळूबाईला त्यातलं काही म्हणता काही आठवेना. ते दार नाही, ती बाई नाही, आपलं नाही म्हणणंही नाही.

"मी किती लहान होते," ती म्हणाली. "तिथे सगळ्या बायकांना मावशीच म्हणायचे. माझ्या डोक्यात मावशी म्हणजे ती वेणी घालणारी."

"असेल. लहान होतीस, तुझा काय दोष. मलाही कळतं ते. पण त्या घराचा जिना उतरताना नाही कळलं. त्यानंतर पाऊल उचललं नाही बघ माझं."

खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"रात्री रडायचीस म्हणे, मावशी मावशी करून," म्हातारीने विचारलं. "तेव्हा साहेब म्हणाला होता. कुणासाठी रडायचीस?"

खिळूबाई एवढी दूर आली होती ती विचारायला, आणि आता तिलाच विचारलं जात होतं. खरं उत्तर तिला ठाऊक नव्हतं. ते फाईलमध्येही नव्हतं. पण म्हातारी चष्म्यातून तिच्याकडे बघत होती, एका शब्दासाठी इतकी वर्षं थांबल्यासारखी. तेव्हा खिळूबाईने, जितकं मनापासून म्हणता येईल तितकं मनापासून, सांगितलं.

"तुमच्यासाठीच."

म्हातारीने मान डोलावली. सख्ख्या मावशीला कुणी अहो-जाहो करत नाही, हे खिळूबाईच्या लक्षात आलं, पण शब्द निघून गेला होता. तिने तोंड उघडलं, 'तू' म्हणायला गेली, आणि ते एवढंसं अक्षर काही केल्या जिभेवर येईना.

म्हातारीने सुई शर्टाला टोचून ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि ढिगाखालचं स्टूल ओढून तिच्यापुढे ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "पाणी आणते तुम्हाला."