फुपीची दमणी

रहमतबीनं पाळण्यातली दुलई उचलली. तीन महिन्यांचा मुनाफ, तिचा मुन्ना, पाळण्यात नव्हता.

दारात बैलांची दमणी जुंपलेली होती. चार दिवस राहायला आलेली नणंद, सुलतानबी, जऊळक्याला परत निघाली होती. तिनंच भाच्याला उचललं असेल म्हणून रहमतबी परसात धावली. पण सुलतानबी आडावर एकटीच हातपाय धूत होती.

अनसिंगातल्या त्या पिंजाऱ्याच्या घरात एकच पळापळ झाली. तिच्या नवऱ्यानं, गफ्फारनं, कापसाचे ढीग उपसले, गुरांच्या कोठ्यात डोकावून पाहिलं. गल्लीत परकं कोणी फिरकलं नव्हतं. घरात उरली पाच वर्षांची लेक, मेहरू. ती ओठ घट्ट मिटून उंबऱ्यावर बसली होती.

"मेहरू, मुन्ना कुठी हाये?" गफ्फारनं विचारलं.

मेहरूनं गुडघे पोटाशी ओढून घेतले.

"बोल! काय केलं त्याचं?" गफ्फारनं तिला दंडाला धरून हलवलं. पोरगी रडलीसुद्धा नाही. तो बायकोकडं वळला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. "तो झाला तवापासून जळून राह्यली हे त्याच्यावर. आडात त नसंन टाकला हिनं?"

पण रहमतबीची नजर लेकीवरून हटली नाही. मेहरू बापाकडं बघतच नव्हती. बैलांची घुंगरं वाजली की ती दचकून दमणीकडं बघायची.

आणि रहमतबीला सकाळ आठवली. मुन्नाला छातीशी धरून सुलतानबी म्हणाली होती, "याले मी नेतो जऊळक्याले. तुमाले मेहरू हाये की!" सगळे हसले होते. सुलतानबीची दोन्ही लेकरं मानमोडीच्या साथीत गेलेली. तिला कोण काय बोलणार? मेहरूनं मात्र हातातली भाकर खाली ठेवली होती. "खरंच नेशीन, फुपी?"

"मंग! दमणीत टाकून नेतो."

गफ्फारचा हात उगारलेला होता. रहमतबीनं तो वरच धरला. "मारू नका. तिनं लपवला त्याले. आपा नेतीन म्हून."

"मंग इचार ना, कुठी लपवला!"

"दमणी उभी हाये तोवर नाई सांगणार ते."

ती सुलतानबीपुढं गेली. "आपा, तुमी निघा. आत्ताच."

"लेकरू सापडल्याबिगर?"

"तुमी गेल्याबिगर सापडणार नाई."

सुलतानबीनं उंबऱ्यावरच्या पोरीकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती दमणीत चढली.

"फुपी एकलीच चालली," रहमतबी मोठ्यानं म्हणाली. "मुन्ना इथंच राहणार."

बैल मुद्दाम केल्यासारखे सावकाश चालले होते. ऊन मी म्हणत होतं. लेकरू कुठं असेल, त्याला वारा लागत असेल का? रहमतबीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दमणी वळली. घुंगरं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा मेहरूनं विचारलं, "परत त नाई येणार?"

"नाई."

पोरगी कोठ्याकडं धावली. कडब्याच्या पेंढ्यांमागं एक रिकामी कणगी आडवी पडली होती, तिच्या तोंडाला गोणपाट कोंबलेलं. गफ्फारनं ते ओढून काढलं. मुन्ना घामानं निथळत होता, तोंड लालबुंद, आवाज नाही. रहमतबीनं त्याच्या तोंडावर फुंकर मारली, तळपाय चोळले. मग त्यानं टाहो फोडला.

चपलाही न घालता गफ्फार जऊळक्याच्या वाटेनं धावत सुटला.

"अब्बा कुठी चालले?" मेहरू घाबरली.

"फुपीले सांगाले, का मुन्ना सापडला."

मेहरूनं भावाचं झबलं मुठीत पकडलं. रहमतबीनं ती मूठ सोडवली नाही. दोघांनाही मांडीवर ओढून ती तिथंच कडब्यावर बसून राहिली.