बाबांची लाडकी भाषा आणि मुकी बेल

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. अशी कल्पना करा, की तुमचा आवाज खणखणीत आहे, दाराबाहेर कुणीतरी तुमच्या हाकेची वाट बघतंय, आणि तुमच्या तोंडात बोळा कोंबलाय. आता माझं ऐका.

मी एक जुनी दाराची बेल आहे. एक पितळी वाटी, इवलासा हातोडा, दोन सेल आणि दोन तारा, एवढाच माझा संसार. नऊ वर्षांत मी एकदाही चुकले नाही. "गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते ही!" असं पोस्टमन म्हणायचा.

मग या घरातले बाबा एका भाषेच्या प्रेमात पडले. माणसांच्या नव्हे, संगणकाला कामं सांगायच्या भाषेच्या. शर्टावर तिचं चिन्ह, कपावर तिचं चिन्ह. दुसऱ्या भाषेत लिहिणारा पाहुणा आला, की पाण्याआधी वाद. भाजीची यादीसुद्धा तिच्यातच. आई म्हणाली, "आता भाजीवाल्यालाही शिकवा, म्हणजे झालं!"

एका रविवारी त्यांनी माझ्या तारा एका डबीला जोडल्या. बटण डबीला सांगणार, डबी मला. डबीतला प्रोग्राम अर्थातच त्याच भाषेत. तो चालला हो! पण बाबांनी नाक मुरडलं. "चालतोय, पण सुंदर नाही." म्हणून पुन्हा लिहिला. मग पुन्हा. अकरा वेळा! दर वेळी दोन दिवस मी मुकी.

अशाच एका दुपारी त्यांच्या मुलीची, चिऊची, मैत्रीण निरोप घ्यायला आली. तिच्या घरचे गाव सोडून निघाले होते. चिऊ मागच्या खोलीत तिच्यासाठी भेट बांधत, जिवाचा कान करून बसली होती. बाहेर बटणाची टकटक मला ऐकू येत होती. पाच वेळा! मग दारावर हलकी थाप. बाबांच्या कानांवर हेडफोन. शेवटी दाराखालून चिठ्ठी सरकली : "रागावलीस का? निघते."

चिऊला ती सापडली तेव्हा उशीर झाला होता. ती अनवाणी धावली आणि भेट हातात तशीच घेऊन परतली.

"बरं झालं आलीस! बघ, बारावा प्रोग्राम किती देखणा झालाय!" बाबा म्हणाले.

"बाबा, तिच्या दाराला कुलूप आहे."

"दोनच मिनिटं हं, एवढी ओळ..."

मित्रांनो, वस्तू जरूर नटवा. पण आधी दाराशी कोण उभं आहे, ते बघा.

स्टुलावर चढून चिऊने डबी काढली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. माझ्या तारा बटणाच्या तारांना पीळ देऊन थेट जोडल्या. मग बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. बाबा खुर्चीतून उठून दार उघडेपर्यंत तिने बोट उचललंच नाही.