कल्याणचं पाच मिनिटांचं प्रास्ताविक

आष्टीत पाण्याची मोटार जळाली की माणसं कल्याणच्या दुकानात जायला कचरायची. काम चोख, त्यात वाद न्हाई. पण जळक्या तारा काढून मोटार नव्यानं भरून होईपर्यंत तो गिऱ्हाइकाला दैवशालाताईंची गाणी ऐकवायचा. नुसती ऐकवली असती तरी लोकांनी सोसलं असतं, पण हा बाबा ती समजावून सांगायचा.

या दैवशालाताई म्हणजे जिंतूरकडच्या एक बाई. स्वतःच गाणी रचायच्या, एकतारीवर म्हणायच्या, घरात बसून मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आन् इंटरनेटवर सोडून द्यायच्या. कंपनी न्हाई, जाहिरात न्हाई. सहा वर्षांत तीन अल्बम झाले: 'चूल पेटेना', 'पाटाचं पाणी' आणि 'उन्हाचं लुगडं'. ऐकणारे सगळे मिळून दोन जीपांत मावले असते, पण त्यातला एक कल्याण होता आणि तो एकटाच पुरून उरायचा. पहिल्या अल्बमातल्या दुसऱ्या गाण्यात मधेच कुकरची शिट्टी होते. कल्याणच्या मते ती ताईंनी मुद्दाम ठेवली, बाईच्या मनात कोंडलेली वाफ आहे ती. त्याची बायको वंदना म्हणायची, तुरीची डाळ असंल. यावरून नवराबायकोत दोन दिवस अबोला होता, आता बोला.

त्याची इच्छा मात्र एकच होती. 'पाटाचं पाणी'मधलं शेवटचं गाणं ताईंच्या तोंडून, समोर बसून ऐकायचं. एकदा ऐकलं की बस्स.

त्यासाठी त्यानं वाचनालयाचे अध्यक्ष बद्रीनाथअण्णा यांचा दोन वर्षं पिच्छा पुरवला. अण्णा शेवटी वैतागले आणि वर्धापनदिनाला ताईंना बोलवायचं ठरलं. कार्यक्रम सकाळी अकराचा. एक वाजता ताईंची गाडी परभणीला निघणार, तिथं त्यांचा दुसरा कार्यक्रम होता. प्रास्ताविक कल्याणनं करायचं, पाच मिनिटं. अण्णांनी पाचही बोटं त्याच्या नाकापुढं धरून बजावलं होतं.

आता अकराचा कार्यक्रम म्हणजे पावणेबाराला दिवा लागतो, हे शेंबडं पोरगंही सांगंल. मंग सत्कार. ज्याचं नाव राहील तो वर्षभर तोंड फिरवून जातो, म्हणून अण्णांनी कुणालाच सोडलं न्हाई, मांडववाल्यालासुद्धा टॉवेल-टोपी दिली. सव्वाबाराला माईक कल्याणच्या हातात आला. मागं ताई एकतारी मांडीवर घेऊन बसलेल्या.

कल्याणचं म्हणणं असं, की आधी अल्बम कळला तरच समोरचं गाणं कळतं. म्हणून त्यानं पहिल्या अल्बमापासून सुरुवात केली. दहा मिनिटं एकटी कुकरची शिट्टीच चालली. मंग त्याला वाटलं, नुसतं सांगून लोकांना काय उमगणार? त्यानं खिशातला मोबाईल काढला आणि माईकला लावला. अरे, ज्या बाईला गायला बोलावलं ती मागं जितीजागती बसलीय, आणि हा तिचीच गाणी मोबाईलवर वाजवून राह्यला! मधेच थांबवायचा, "इथं ताईंनी श्वास घेतला, ऐकला का?" म्हणून विचारायचा आणि तो श्वास पुन्हा ऐकवायचा. ताईसुद्धा कान देऊन ऐकत होत्या. वंदना खालून हातवारे करून दमली. कल्याणला वाटलं, तिलापण आवडून राह्यलं.

खरी गंमत पुढंच आहे. लोकांना गाणी आवडली. पुढच्या रांगेतल्या चतुराबाईंनी तर पदर डोळ्यांना लावला. पावणेएकला तिसरा अल्बम संपला, टाळ्या पडल्या आणि त्याच वेळी आचाऱ्यानं मांडवाच्या कडेला उभं राहून, जेवण तयार म्हणून झारा वर केला. अण्णा लगबगीनं उठले. त्यांनी आभाराचा कागद आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, तो जसाच्या तसा वाचला. दैवशालाताईंनी आपल्या सुरेल गायनानं आष्टीकरांना तृप्त केलं, असं त्यात होतं. आभार झाले की कार्यक्रम संपला, मंग ब्रह्मदेव आला तरी माणूस बसत न्हाई. पाच मिनिटांत मांडव रिकामा झाला आणि तिकडं पत्रावळ्या पडल्या.

कल्याण माईक धरून तसाच उभा. काय होऊन बसलं ते त्याला आत्ता कळलं. इतकी वर्षं वाट बघितली आणि स्वतःच्याच तोंडानं घालवून बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंना आता गा म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

ताई एकतारी पिशवीत घालत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "दादा, मी एवढं काही केलंय हे मला आजच कळलं."

गाडीवाल्यानं बाहेरून हॉर्न दिला. तेव्हा वंदना पदर खोचून व्यासपीठावर चढली.

"ताई, सहा वर्षं झाली, माझ्या घरात तुमच्याशिवाय दुसरा विषय न्हाई," ती म्हणाली. "'पाटाचं पाणी'मधलं शेवटचं गाणं यांना एकदा म्हणून दाखवा आन् मला मोकळं करा."

ताईंनी तिच्याकडं पाहिलं, कल्याणकडं पाहिलं आणि पिशवीतून एकतारी परत काढली. माईक मांडववाल्यानं एव्हाना कल्याणच्या हातातून काढून नेला होता. पलीकडं भाजी वाढा, पुरी वाढा चाललं होतं. ताईंनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. दुसऱ्या कडव्याला थांबल्या, शब्द आठवेनात. कल्याणनं अगदी हळू आवाजात ओळ सांगितली. ताईंनी मान हलवून ती उचलली आणि गाणं शेवटापर्यंत नेलं.

मंग त्या उठल्या, दोघांना नमस्कार केला आणि गाडीत बसून गेल्या.

"कसं झालं?" वंदनानं विचारलं. आता निदान तासभर तरी सुटका न्हाई, या हिशोबानं ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

कल्याणनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. एक शब्द फुटेना. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, असं कधी घडलं नव्हतं. वंदना घाबरून उठली आणि ताप आहे का बघायला तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.