मठ्ठ बाटली

माईंचा एक नेम होता. पेशींना खायला घातल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत पेशींच्या खोलीची किल्ली बावीस वर्षं त्यांच्याकडे होती, आणि बावीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. सकाळी आठला त्या कुलूप काढत, कोपरापर्यंत हात धूत, पेशींना ऊब देणाऱ्या इनक्युबेटरचं दार उघडत आणि हळूच विचारत, "उठलात का गं?"

आत प्लास्टिकच्या चपट्या बाटल्या आडव्या निजलेल्या असत. प्रत्येकीच्या तळाला गाईच्या मूत्रपिंडातल्या पेशींचा पातळ थर, आणि वर गुलाबी पाणी. ते पाणी म्हणजे त्यांचं अन्न. ते पिवळं पडायला लागलं की समजायचं, पोरी भुकेल्या. बाटली गच्च भरली की पेशी सोडवून दोन बाटल्यांत वाटायच्या. काम एवढंच, पण हात शुद्ध हवा. एक श्वास चुकीच्या जागी पडला तरी बाटलीत बुरशी धरते. माईंच्या हातची बाटली कधी नासली नाही, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. माईंनाही होतं. तेवढा अभिमान देव माफ करील, असं त्या मनातल्या मनात म्हणत.

खोलीच्या भिंतीवर माईंच्याच अक्षरात नियम होते. चौथा नियम: मंद वाढणारी बाटली ठेवू नये.

आणि नेमका तोच त्यांनी मोडला होता.

झालं असं, की एक बाटली आठ-आठ दिवस भरेना. बाकीच्या तीन दिवसांत भरत. नियमाप्रमाणे ती टाकायची. पण माईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पेशी लख्ख, कडा स्वच्छ, कुठे डाग नाही. नुसत्या सावकाश. सावकाश असणं हा काय गुन्हा झाला? त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खं घर मठ्ठ म्हणायचं, आणि शेवटी सासूबाईंचं तीन वर्षांचं आजारपण काढलं ते त्याच मठ्ठ बाईने. माईंनी बाटली उचलली आणि खालच्या फळीवर, अगदी मागे ठेवली. वर नुसती तारीख लिहिली. मंद आहे असं लिहिलं असतं तर आपलीच चोरी आपल्या अक्षरात पकडली गेली असती.

पुढे नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. माईंनी दोन दिवस रजा घेतली आणि किल्ली चिमणीकडे दिली. चिमणी म्हणजे पीएचडी करणारी मुलगी. आवाज बारीक आणि तोंड अखंड चालू, म्हणून हे नाव. त्या दोन्ही सकाळी चिमणीचा फोन आला, "घातलं हो माई, सगळ्यांना घातलं, प्या आता पाणी," तेव्हा कुठे माईंनी दवाखान्यात पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणीला विषाणूच्या प्रयोगासाठी एक बाटली कमी पडली. तिने खालच्या फळीवरची घेतली. माईंचं अक्षर, माईंची बाटली, शंका घ्यायचं कारणच काय?

आठवड्याने प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, माईंना बोलावलं. टेबलावर दोन प्लेट होत्या, सहा-सहा वाट्यांच्या. दोन्हींत गाईच्या लाल-नाक रोगाचा विषाणू सोडला होता. हा विषाणू फार लबाड. गाईचं नाक लाल करतो, खोकला आणतो, गाभ पाडतो. आणि गाय बरी झाली तरी तिच्या मज्जातंतूंत दडून बसतो. गाय दमली, प्रवासाला निघाली, व्यायला झाली, की हा परत डोकं वर काढतो.

पेशींना जांभळा रंग दिला होता. विषाणू जिथे पेशी खातो तिथे पांढरी भोकं पडतात. पहिली प्लेट चाळणीसारखी झाली होती. दुसरी सलग जांभळी, एकही भोक नाही.

"दुसरीतल्या पेशी बिघडलेल्या आहेत, माई," सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. "चार महिन्यांचं काम मागे पडलं. तुमची निवृत्ती आता वर्षावर आलीय. पुढच्या महिन्यापासून आपण पेशी बाहेरून मागवू. किल्ली चिमणीकडे द्या."

शेजारी उभ्या चिमणीने मान खाली घातली.

माईंनी कबूल केलं. "ती बाटली मंद होती, सर. टाकायला हवी होती, मी ठेवली. लिहिलंही नाही. चूक माझी, पोरीची नाही."

"मग झालं तर."

"झालं नाही." माईंचा आवाज कधी चढत नसे, आत्ताही चढला नाही. "बिघडलेली पेशी तळाला धरून राहत नाही, सर. सुटते आणि वर तरंगते. बिघडलेल्या असत्या तर प्लेट पांढरी दिसली असती. ह्या चार दिवस विषाणूच्या मांडीला मांडी लावून बसल्या आणि एकही हलली नाही. माझ्या पेशी धडधाकट आहेत. उपाशी राहिला तो विषाणू."

सरांनी प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"परत करा," शेवटी ते म्हणाले. "तीन वेळा. नवा विषाणू, शेजारी चांगल्या पेशी. तोवर किल्ली इथे भिंतीवर राहील. तिन्ही वेळा असंच आलं तर किल्ली तुमची, आणि माझा शब्द मागे. नाही आलं तर..."

"नाही आलं तर मीच ती चिमणीच्या हातात ठेवीन," माई म्हणाल्या.

बाटलीत चिमूटभर पेशी उरल्या होत्या. त्यांच्या तीन प्लेट भरायच्या, आणि त्याही ह्या चालीने! पाच आठवडे लागले. माई रोज वाकून बघत. घरी नवरा डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसलेला. दूध संघाच्या टँकरवर चालक होता, त्यामुळे जिभेला ब्रेक नव्हता.

"काय म्हणतेय तुझी गोगलगाय?"

"अर्धी बाटली भरली."

"अगं, एवढ्यात माझी गाडी जाऊन-येऊन भरून परत गेली असती."

"तुमची गाडी वाटेत दोनदा बंद पडते. माझी बाटली नाही पडली अजून."

"बाहेरच्या पेशी आल्या तर तू काय करशील?"

माई कणीक मळत होत्या. हात थांबले. "पाणी कधी प्यायचं तेच कळणार नाही मला," त्या म्हणाल्या.

पहिली प्लेट सलग जांभळी आली. दुसरीही. तिसरीच्या दिवशी सर स्वतः हातमोजे घालून रंग धुवायला उभे राहिले. पाण्याची धार पडली, जास्तीचा रंग वाहून गेला. सलग जांभळी. शेजारच्या प्लेटची चाळण.

"माई," सर म्हणाले. त्यांनी भिंतीवरची किल्ली काढून दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरली.

कारण शोधायला पुढचे आठ महिने गेले. ते काम चिमणीचं आणि सरांचं. चिमणी रोज येऊन माईंना सांगायची.

"विषाणू म्हणजे आयत्या बिळावर नागोबा हो माई. स्वतःचं काही नाही, सगळं पेशीचं वापरतो. येताना एक प्रथिन तेवढं आणतो, किल्लीसारखं. पण ती किल्ली केंद्रकात न्यायला पेशीचंच एक प्रथिन लागतं. ते तिला हाताला धरून आत नेतं, मग विषाणूची जनुकं सुरू होतात."

"घरचाच माणूस चोराला वाट दाखवतो म्हण."

"हो, आणि तो घरचा माणूस पेशीलाही लागतो, वाढायला. तुमच्या मठ्ठ पेशींत तो जरा अधू आहे. म्हणून त्या सावकाश, आणि म्हणूनच किल्ली बाहेर पडून राहते!"

मठ्ठपणाच्या पोटी एवढं काही असेल, हे माईंना बाटली मागे ठेवली त्या दिवशी तरी कुठे ठाऊक होतं?

शेवटची परीक्षा राहिली होती. मठ्ठ पेशींना त्या प्रथिनाचा धडधाकट नमुना पुरवायचा आणि मग विषाणू सोडायचा. आता विषाणू वाढला, तरच दोष तिथेच होता हे पक्कं. त्या पेशी भराभर वाढल्या, तीन दिवसांत बाटली भरली. चौथ्या दिवशी माईंनी प्लेट धुतली.

भोकंच भोकं. आपल्या पेशी मेलेल्या बघून हसू येण्याची माईंची ही पहिलीच वेळ.

"विषाणूची किल्ली आणि पेशीतला तो घरचा माणूस, ह्या दोघांची हातमिळवणी तोडणारं औषध मिळालं तर..." सर म्हणाले. "वेळ लागेल. पण कुठे मारायचं ते कळलं." मग त्यांनी लेखाचा कागद पुढे केला. "पेशींच्या ह्या वाणाला नाव हवंय. बाटली तुमची, नाव तुम्ही द्या."

"मठ्ठ," माई म्हणाल्या.

"मठ्ठ? जगभरात वाचतील, माई!"

"वाचू देत की."

निवृत्तीच्या दिवशी माईंनी भिंतीवरचा चौथा नियम खोडला नाही. त्याच्याखाली सुबक अक्षरात एक ओळ घातली: टाकण्याआधी निरखून बघावी, आणि ठेवली तर तसं लिहावं. मग किल्ली चिमणीच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला घरचा फोन वाजला.

"घातलं, माई. सगळ्यांना. मठ्ठांना सगळ्यात आधी."

माईंनी पेला उचलला.