बंद दाराआडची चाल

मालायला गेममध्ये ओढलं ते तिच्या लेकीनं, पुईनं. पुई दूर हात याई शहरातल्या दवाखान्यात नर्स. वर्षातून एकदा घरी यायची सवड. "आई, फोनवर तू नुसती जेवलीस का, जेवलीस का विचारतेस. त्यापेक्षा गेममध्ये भेटू, जरा हिंडू," असं म्हणून तिनं आपला जुना कॉम्प्युटर आम्फवाच्या घरी पाठवून दिला. मालाय एक्कावन्न वर्षांची, शाळेचे गणवेश शिवणारी बाई. पहिल्याच दिवशी एका रानडुकरानं तिला तीनदा मारलं, आणि तिनं सांगून टाकलं की असल्या उद्योगांना मी रिकामी नाही.

पण त्या गेममधल्या गावात वाद्यांचं दुकान होतं. बासरी, ढोल, आणि कोपऱ्यात दोन काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं रनात, थेट तिच्या वडिलांच्या रनातासारखं. ते तिनं घेतलं. एक ते आठ आकडे म्हणजे आठ सूर, इतकं सोपं. फक्त वाद्य आधी हातात घ्यायचं विसरलं, तर तेच आकडे भलतंच काहीतरी करतात. मालायनं विहिरीपाशी दहाजणांसमोर ऐटीत पाचाचं बटण दाबलं आणि तिच्या पडद्यावरच्या बाहुलीनं धाडकन कोलांटी मारली. सगळ्यांनी लिहिलं ५५५. आमच्या थाई भाषेत पाचाला 'हा' म्हणतात, तेव्हा ते हाहाहा हसणंच.

मालाय हट्टी. पुईकडून तिनं कागदावर सूर लिहायला शिकून घेतलं. सुराचं अक्षर, पुढे लांबीचा आकडा, आणि एका कागदावर मावेल तेवढंच. आधी माप, मग कात्री, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हातानं वाजवलेलंही तो गेम कागदावर टिपून घेई, आणि ऐकणाऱ्याला हवा तर तो कागद उतरवून घेता येई. दोन महिन्यांत रोज दुपारी दोन ते चार तिच्याभोवती माणसं जमू लागली. कुणी चियांग रायचं, कुणी कोरातचं. सगळी तिला मावशी म्हणत. एवढं कौतुक तिचं लग्नातही झालं नव्हतं.

दुपारची वेळ तिनं मुद्दाम धरली होती. तेव्हा फळ्यांच्या भिंतीपलीकडे तिचे वडील झोपलेले असत. ख्रू प्लांग, वय एक्क्याऐंशी. ख्रू म्हणजे गुरुजी. तीसेक पोरं त्यांच्या हाताखाली रनात शिकून गेली. मुलीला त्यांनी कधी शिकवलं नाही. ती स्वयंपाकघरात मासे निवडता निवडता ऐकत असे, आणि कानाला काही दार नसतं.

त्यात एक चाल होती. वर्षातून एकदाच, गुरुपूजेच्या गुरुवारी, दारं लावून वाजवायची. गुरु मागे बसून शिष्याची दोन्ही मनगटं धरतो आणि पहिले ठोके स्वतः देववतो. हा 'हात' मिळाल्याशिवाय ती चाल वाजवायची नाही. वाजवली तर फित ख्रू, गुरूचा अपराध. एकाची बोटं वाकडी झाली, एकानं रक्त ओकलं, एक स्वतःशी बोलत बोलत कालव्यात चालत गेला. या गोष्टी मालायला लहानपणी भाताबरोबर भरवल्या होत्या.

तिची मनगटं कुणीच धरलेली नव्हती.

तरी तिनं ती वाजवली. झालं काय, तर विहिरीपाशी एका उपटसुंभानं लिहिलं, "मावशी, तुमचं सगळं आम्ही ऐकलेलंच असतं. कुणी न ऐकलेलं वाजवा की." बाई डिवचली गेली. तिनं मनाची समजूत घातली, की गेममधलं रनात म्हणजे काही लाकूड नव्हे, आणि बटणं दाबणं म्हणजे काही ठोके देणं नव्हे. शिवाय शेवटचा भाग वगळू, म्हणजे चाल पुरी होणारच नाही. पळवाट शोधणाऱ्याला पळवाटा फार.

त्या चालीतले थांबे आकड्यांत बसेनात, म्हणून ती हातानं बसवावी लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार सराव केला आणि गुरुवारी वाजवली. कुणी ५५५ लिहिलं नाही. मग एकेकानं कागद उतरवून घेतला. चौदा जणांनी. "तुम्ही मावशी नाही, ख्रू आहात," एकानं लिहिलं. मालायच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच संध्याकाळी ख्रू प्लांगनी ताट सरकवलं.

"भूक नाही?"

"माझं झालं आता," ते म्हणाले. "पांढरे कपडे धुऊन ठेव."

दुसऱ्या दिवशीही ते जेवले नाहीत, तिसऱ्याही नाही. फक्त पाणी आणि शहाळ्याचे दोन घोट. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण येऊन गेली. नाडी ठीक, छाती ठीक. "पोटात काही गेलं नाही तर मात्र आठवडाभरात जातील," असं तिनं बाहेर येऊन सांगितलं. मालायला वाटलं, हे मी केलं. शिक्षा गुरूच्याच घरावर उतरली, आणि उतरली तीही माझ्यावर नाही, त्यांच्यावर. कॉम्प्युटरवर तिनं चादर टाकली. गुरूंच्या तसबिरीपुढे उदबत्त्या लावलावून घर धुरानं भरलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. मांजर कण्हलं तरी ती उठून दाराची कडी बघून येई, गणवेशाच्या बाह्या उलट्या शिवल्या जात. वडिलांना सांगावं, तर रिकाम्या पोटी तो धक्का त्यांना सोसणार नाही. न सांगावं, तर ते जातच होते.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनीच हाक मारली.

"इथं बस. एक सांगतो, कुणाला बोलू नको. ख्रू फिन मला न्यायला आलेत."

ख्रू फिन म्हणजे त्यांचे गुरु. त्यांना जाऊन साठ वर्षं झाली होती.

"स्वप्न पडलं असेल बाबा."

"जागा होतो. गेल्या आठवड्यात चार दुपारी या भिंतीपलीकडून ती चाल आली. सूर नाही, नुसते ठोके. तिसऱ्या ठोक्यानंतर किती थांबायचं, हे आज फक्त मला ठाऊक आहे. मी ज्यांना शिकवलं ते सगळे तिथं घाई करतात. पलीकडचा थांबला. बरोबर तेवढाच." ते दम घ्यायला थांबले. "चार दिवस बोलावलं. आता वाट बघताहेत. खाऊन कशाला ताटकळत ठेवू त्यांना?"

भिंतीपलीकडे तिचं टेबल होतं. कानांना हेडफोन लावून बसलेल्या बाईला स्वतःची बटणं किती खडखडतात ते कसं कळावं? टेबल फळ्यांना टेकलेलं, आणि फळीच्या या बाजूला म्हाताऱ्याची उशी.

तिनं खाली वाकून कपाळ जमिनीला टेकवलं. "बाबा, ते ख्रू फिन नव्हते. मी होते."

मग गेम, विहीर, बटणं, जसं सुचेल तसं तिनं सांगितलं. त्यांना त्यातलं निम्मं कळलं नसावं. जे कळायचं ते कळलं.

"तुला हात कुणी दिला?"

"कुणी नाही."

"मग शिकलीस कुठं?"

"स्वयंपाकघरात. मासे निवडताना."

त्यांनी डोळे मिटले. आता शिव्या येतील, काठी येईल, असं वाटून ती तशीच वाकून राहिली. काठी आली असती तर बरं झालं असतं.

"रक्तातच आहे म्हणायचं," ते हळूच म्हणाले. "मलाही कुणी दिला नाही."

"काय?"

"ख्रू फिननी मनगटं धरली ती माझ्या थोरल्या भावाची. मी खांबांवरच्या घराखाली होडीत लपून ऐकत होतो. मग ख्रू फिन गेले, आणि त्याच पावसाळ्यात भाऊ कालव्यात बुडाला. विचारणारं उरलं कोण? मी म्हणालो, मलाही हात मिळालाय. सगळ्यांनी मानलं." त्यांनी स्वतःच्या सुरकुतलेल्या पंजांकडे पाहिलं. "तीस पोरांची मनगटं धरली मी या हातांनी. एकही रात्र धड झोपलो नाही."

मालाय रडू लागली. "मग तुम्ही तरी मला माफ करा ना, बाबा."

"कुठून करू, पोरी? जे मलाच मिळालं नाही ते तुला कुठून देऊ?"

इतके दिवस तिला वाटत होतं, की वाईटात वाईट म्हणजे बाबा माफ करणार नाहीत. माफ करणारंच कुणी नाही, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाकडे गेली ती?"

"चौदा जणांनी उतरवून घेतली. कोण, कुठले, मला माहीत नाही. ते मला ख्रू म्हणतात."

बाप घाबरलेला तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"जुनी माणसं सांगायची," ते म्हणाले, "की वरचा, म्हणजे शिकवणारा, जिवंत असेपर्यंत दोष त्याच्याच अंगावर राहतो. तो गेला की खालच्यावर, शिकलेल्यावर उतरतो." मग त्यांनी कोपरावर रेटा देऊन उठायचा प्रयत्न केला. "पेज आहे का?"

तिनं धावत जाऊन सकाळची पेज गरम करून आणली. त्यांना भूक नव्हती, हे उघड दिसत होतं. डोळे मिटून कडू काढा घ्यावा तसा ते एकेक घास गिळत होते. चौथ्या घासाला उलटीची उबळ आली, ती त्यांनी तोंडावर हात दाबून परतवली.

"बास बाबा, आता बास. संध्याकाळी घ्या."

"बास कसं?" त्यांनी वाडगा घट्ट धरला. "ख्रू फिन आले म्हणजे दोष फिटला, असं वाटलं होतं. ती तीस पोरं, ते चौदा, आणि तू. इतक्यात मरून मला चालायचं नाही. उद्यापासून यात अंडंही घाल."

मालायनं पुढचा चमचा भरला. घाईघाईत निम्मी पेज त्यांच्या छातीवर सांडली. ती त्यांनी बोटानं निपटून तोंडात घातली.