पानांचे पांघरूण

हिवाळा सरला, आणि दिवंगत पत्नीने लावलेल्या आयरिसच्या फुलझाडांच्या वाफ्यात निवृत्त न्यायाधीशांना रोज काही पाने कात्रीने छाटलेली दिसू लागली. त्यांच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. सुनेला गाडी उभी करायला जागा हवी होती, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

आज पडद्याआडून त्यांनी तिला पिशवी भरताना पाहिले आणि ते काठी टेकत थेट वाफ्यापाशी आले.

"सासूची आठवण इतकी डोळ्यांत खुपते का, सूनबाई?"

सून दचकली. "मामंजी, आधी पिशवीत तरी बघा. मग शिक्षा ठोठावा."

पिशवीतल्या प्रत्येक पानावर लालसर काठाचे तपकिरी ठिपके होते. "बुरशी आहे ही," ती म्हणाली. "जुन्या वाळक्या पानांत हिवाळाभर दबा धरून बसते आणि ओल मिळाली की नव्या पानांवर चढते."

न्यायाधीशांना पटेना. पण नळाजवळचा एक झुपका हिरवागार, निष्कलंक होता. थंडी बाधू नये म्हणून त्यांनी गतवर्षीची वाळकी पाने स्वहस्ते, मायेने साऱ्या वाफ्यावर पसरली होती. नळापर्यंत मात्र ती पुरली नव्हती.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रोज त्या पानांवरून हात फिरवत होता. कोणत्या तोंडानं सांगणार?"

न्यायाधीशांनी काठी बाजूला ठेवली. मग वाकून त्यांनी वाळक्या पानांचे उरलेले पांघरूण दोन्ही हातांनी उचलले.

"पिशवी नीट धर. आणि गाडी रस्त्यावरच राहील, हे लक्षात ठेव."