गुलाबी मणी

प्रयोगशाळेत अमोनियाच्या नळाची चावी अजून उघडायची होती. नळीतून नुसती हवा वाहत होती, तरी काट्यावरच्या पिवळ्या पावडरीचं वजन आपलं वाढतच होतं. धाकटीने आकडा दोनदा पाहिला, मग हवा वाळवणाऱ्या काचेच्या नळीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या नळीतले मणी कोरडे असले की निळे असतात, ओल पिऊन बसले की गुलाबी. हे मणी गेले तीन आठवडे गुलाबी होते. दिसत नव्हते असंही नाही, रोज दिसत होते. पण "उद्या बदलू" म्हणण्यात या बाईसाहेबांचा हात कुणी धरला नसता!

म्हणजे पावडर ओलावा पीत होती आणि ही तो अमोनिया म्हणून मोजत होती. सगळे आकडे फुगलेले.

पावडर तिनेच बनवलेली. धातूचे अणू आणि कार्बनी दांडे जोडून केलेली, आत भोकंच भोकं. त्यांत अमोनिया अडकावा आणि कारखान्यातून बाहेर पडणारी हवा स्वच्छ व्हावी, एवढ्यासाठी दोन वर्षं घातलेली. "इतकं शिकून शेवटी भोकंच पाडलीस ना?" असं दादा चिडवायचा. पण त्याच दादाने, एका कारखान्यात साधा ऑपरेटर असून, मॅनेजरपुढे शब्द टाकला, म्हणून तिथल्या एका टाकीत ती भरली गेली. टाकी आज अकराला सुरू व्हायची होती आणि पावणेअकरा वाजले होते.

तिने फोन लावला. मग आठवलं, शेडमध्ये फोन नेऊ देत नाहीत, दादाचा लॉकरमध्ये वाजत असणार. तिने स्कूटर काढली.

शेडमध्ये मॅनेजर आणि चौघं जण मास्क लावून लांब उभे होते. दादा एकटाच, गाळलेली हवा बाहेर पडणार त्या टाकीच्या तोंडाशी, हात अमोनियाच्या चावीवर, मास्क गळ्यात लोंबत.

"माझ्या बहिणीची पावडर आहे साहेब," तो छाती फुगवून म्हणत होता. "मी असाच उभा राहणार."

"दादा, उघडू नकोस!"

त्याने आधी हात मागे घेतला, मग विचारलं, "काय झालं गं?"

'जरा बाजूला ये' हे तिच्या ओठांवर आलं होतं. चारचौघांत त्याची मान खाली घालायला लावणं तिच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात मॅनेजर वैतागून म्हणाला, "उघडा हो, वेळ जातोय," आणि दादाचा हात पुन्हा चावीकडे गेला.

"आकडे चुकलेत," ती ओरडलीच. "अर्धासुद्धा अमोनिया अडणार नाही. मणी गुलाबी झाले होते, मी बदलले नाहीत. चूक माझी आहे."

मॅनेजरने तिच्याकडे पाहिलंच नाही. "खात्री तुम्ही दिली होती ना?" त्याने दादाला विचारलं.

"हो साहेब."

कुणीतरी मास्कच्या आत हसलं. मग एकेकाने आपापला मास्क उतरवला, कारण आता धोका उरला नव्हता. धाकटीला रडू फुटलं.

दादाने मात्र गळ्यातला मास्क वर ओढला, पट्टे घट्ट केले आणि भिंतीकडे तोंड करून तो चावीला कुलूप लावू लागला.